पडायची तयारी

लेडीज रूमचं दार आतून लागत नसे. कडी होती, पण चौकटीतलं भोक झिजून मोठं झालं होतं. म्हणून हेमलता मानेनं दाराला पाठ लावली आणि मला म्हणाली, "सुभे, तू माझ्याविरुद्ध उभी राहा."

मी डबा खात होते. मला वाटलं, चेष्टा करतेय.

आमच्या कॉलेजात एल.आर. म्हणजे मुलींची प्रतिनिधी. तिला मतं फक्त मुलींनीच द्यायची असत, पण उमेदवार ठरवत पोरं. जी.एस.ला, म्हणजे विद्यार्थी मंडळाच्या सचिवपदाला, उभा राहणारा दरवर्षी आपल्या पॅनलसाठी कॉलेजातली सगळ्यात देखणी मुलगी हेरत असे, आणि तीच निवडून येत असे. गॅदरिंगच्या पाहुण्यांना हार घालायचा, व्यासपीठावर दुसऱ्या रांगेत बसायचं, सहलीला बसमध्ये पुढची जागा घ्यायची, एवढंच तिचं काम. त्या वर्षी जयसिंगनं हेमलताला हेरलं होतं. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. ती कॉरिडॉरमधून चालत गेली की शिकवणारे सरसुद्धा अर्ध्या वाक्यावर अडखळत.

आणि माझ्या तोंडावर देवीचे वण होते. आजही आहेत. लहानपणी घरात दोघांना देवी आल्या. धाकटा भाऊ गेला, मी राहिले. तोंडावर, मानेवर, हातांवर खड्डे राहिले. आईनं कडुनिंबाचा पाला वाटून वाटून त्यांवर लावला होता. कुठला खड्डा कुठे आहे, ते तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

"मला बघून पाहुणा हार न घेताच पळेल," मी म्हटलं.

हेमलता हसली नाही. "मला पडायचंय," ती म्हणाली. "आणि समोर कुणी असल्याशिवाय पडता येत नाही."

मग तिनं सांगितलं. जयसिंग आबासाहेबांचा पुतण्या. आबासाहेब कारखान्याचे चेअरमन आणि आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचेही अध्यक्ष. हेमलताचे वडील कारखान्यात कारकून. जयसिंग स्वतः घरी येऊन बसला, चहा प्याला, पोरीला एल.आर.ला उभी करतो म्हणाला, आणि चहा निवायच्या आत वडिलांनी होकार दिला. अर्ज मागं घेणं म्हणजे वडिलांची नोकरी पणाला लावणं. पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची होती. श्रावणात आबासाहेबांच्या बहिणीनं हेमलताच्या आईला हळदीकुंकवाला बोलावलं होतं, मुलीला घेऊन या म्हणून बजावून. तिथं हेमलताला बायकांसमोर पाणी आणायला लावलं. दोन वेळा. दुसऱ्यांदा कुणालाही तहान नव्हती.

"चाल बघत होत्या," ती म्हणाली. "जयसिंगसाठी. गॅदरिंगला आबासाहेब स्वतः बघणार. हार घातला की झालं."

"आणि पडलीस तर?"

"त्यांच्या घरात आजवर पडलेलं माणूस नाही, सुभे. पडलेली सूनसुद्धा ते करायचे नाहीत."

तिला गणितात एम.एस्सी. करायचं होतं, कोल्हापूरला विद्यापीठात. पाटणकर सरांनी तिला आधीच पुढच्या वर्षाची पुस्तकं वाचायला दिली होती. मला गणितातलं काही कळत नसे, पण फळ्यासमोर उभी राहिली की तिचा चेहरा कसा होई ते मी पाहिलं होतं. तेव्हा ती कुणाला दिसण्यासाठी उभी नसे.

मी डब्याचं झाकण लावलं आणि हो म्हटलं.

माझा अर्ज गेल्यावर जयसिंगला आनंदच झाला. बिनविरोधात मजा नसते, असं त्यानं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. त्याच्या टोळक्यानं मला 'चाळण' म्हणायला सुरुवात केली. मी जिन्यावरून उतरले की कुणीतरी खालून विचारी, "पीठ चाळून झालं का?" मी उत्तर देत नसे. शाळेत मला याहून वाईट नाव होतं.

मधल्या सुट्टीत मी वर्गावर्गात जाऊ लागले. काय बोलायचं ते हेमलतानं ठरवून दिलं होतं. लेडीज रूमला नीट लागणारी कडी. प्रॅक्टिकल संपायच्या आधीच खेड्यांकडची शेवटची एस.टी. सुटते, ती अर्धा तास उशिरा सोडायला आगारात अर्ज. वाचनालयात मुलींना बसायला वेगळं टेबल. ती स्वतः प्रचाराला निघाली की मुलींशी मुद्दाम तुटकपणे वागे आणि नंतर लेडीज रूममध्ये येऊन मला सांगे, की बी.ए.च्या दुसऱ्या वर्गातल्या मुली एस.टी.साठी कावल्यात, उद्या तिथं जा. बाहेर आम्ही एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हतो. लोकांना वाटलं, चुरस आहे.

मुली माझं ऐकत होत्या. खेड्यातून एस.टी.नं येणाऱ्या मुली तर माझ्यामागून दुसऱ्या वर्गापर्यंत येत. मत तुलाच, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. हळूहळू मला ती निवडणूक खरोखर जिंकावीशी वाटू लागली. हेमलतासाठी नव्हे, माझ्यासाठी. हे मी तिला बोलले नाही; बोलायची गरजही नव्हती. दोघींना हवं ते एकच होतं.

मतदानाच्या आधी शनिवारी ओळखसभा असे. सभागृहात मुली जमत, उमेदवार व्यासपीठावरून चार शब्द बोलत. हेमलताला तीच संधी वाटली.

"मी गबाळी दिसले पाहिजे आणि तू बरी," ती म्हणाली. "एकदा दोघींना शेजारी शेजारी बघितलं की त्यांचं मन फिरेल."

त्या दिवशी ती लवकर आली. पिशवीतून तिनं स्वतःची फिक्या जांभळ्या रंगाची जॉर्जेटची साडी काढली, मावशीनं दिवाळीला दिलेली, आणि मला नेसवली. मग पावडरचा डबा काढला. दातांत जीभ धरून, एखादं अवघड उदाहरण सोडवावं तशी ती माझ्या तोंडावर पफ फिरवत होती. पावडर वणांत बसली. काजळ घातलं, टिकली लावली, मागं सरून बघितलं.

"छान दिसतेस," ती म्हणाली.

कुणी मला तसं म्हणायची ती पहिली वेळ. ती मनापासून म्हणत होती, हे मी आजही खात्रीनं सांगेन.

मग ती स्वतःच्या तयारीला लागली. केसांना कानावरून ओघळेल इतकं तेल चोपडलं, घट्ट वेणी घातली. आईची धुऊन धुऊन विटलेली सुती साडी नेसली, तिच्या काठाला एके ठिकाणी टाके घातलेले होते. बांगड्या उतरवून ठेवल्या, कानातलं काढलं. तोंड नुसत्या पाण्यानं धुतलं. आरशात बघून समाधानानं मान हलवली आणि म्हणाली, "आता कोण मत देतंय."

सभागृह भरलं होतं. मराठीच्या बाईंनी आधी माझं नाव घेतलं. मी कडीचं बोलले, एस.टी.चं बोलले. टाळ्या बऱ्या पडल्या. पण मी बोलत असताना मागच्या रांगेतून एक आवाज आला. "आज नटलीय बघ." त्यावर आजूबाजूच्या मुली हसल्या. ते हसणं दुष्ट नव्हतं. आपल्यातली एखादी बाई बाजाराच्या दिवशी उगाच ठेवणीतली साडी नेसली की बायका हसतात, तसं होतं. मला घाम आला, आणि पावडर गालांवरून रेघांनी उतरू लागली ते मला कळलं.

मग हेमलता उठली. ती पुढं आली तसं सभागृह गप्प झालं.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. तिनं नजर खाली, व्यासपीठाच्या फळ्यांवर ठेवली होती. "मला मत देऊ नका. सुभद्रा माझ्यापेक्षा हुशार आहे. तुमच्यासाठी तीच काम करेल. तिला द्या."

आणि ती खाली बसली.

मग टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला, तो थांबेचना. मराठीच्या बाई पदरानं डोळे पुसत होत्या. प्राचार्य ठरलेलं नसताना उठून बोलले. विरोधी उमेदवाराची अशी स्तुती आपण उभ्या हयातीत ऐकली नाही, म्हणाले. एवढं रूप असून पोरीला त्याचा गंध नाही, विद्यार्थिनींनी यातून काही घ्यावं, म्हणाले. जयसिंगनं गावातल्या फोटो स्टुडिओचा माणूस आणून ठेवला होता. तेल चोपडलेले केस, विटकी साडी, खाली झुकलेली नजर. त्यानं फोटो काढला.

जिन्यात हेमलतानं मला गाठलं. "झालं ना?" तिनं विचारलं. तिचे डोळे चमकत होते. ती फळ्यांकडे बघत बसली होती, तिनं सभागृह पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं. टाळ्या माझ्या नावासाठी होत्या, असं ती धरून चालली होती.

"बघू," मी म्हटलं.

सोमवारी मतदान. सकाळी कॉलेजात आले तर फाटकापाशीच मला खोबरेल तेलाचा वास आला. मुली तेल चोपडून, घट्ट वेण्या घालून आल्या होत्या. पावडर कुणालाच नव्हती. श्रीमंत घरातल्या दोघीतिघींनी कानातली काढून ठेवली होती. जणू कुणी गणवेश ठरवून दिला होता.

लेडीज रूममध्ये हेमलता खिडकीशी उभी होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

एस.टी.च्या मुलींमधली मंदाकिनी नावाची एक मुलगी, जी माझ्यामागून वर्गावर्गात फिरली होती, मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, राग मानू नका. काम तुम्हीच करणार, ते माहितीय. पण ती किती साधी आहे. आणि तुम्ही त्या दिवशी साडीबिडी, पावडर..."

"साडी तिचीच होती," मी म्हटलं. "पावडरही तिनंच लावली."

मंदाकिनीचे डोळे भरून आले. "बघा," ती म्हणाली. "स्वतः फाटकं नेसली आणि तुम्हाला चांगलं दिलं. केवढं मन."

मग ती मत द्यायला गेली.

मला मतं पडली. अगदीच पडली नाहीत असं नाही. पण निकाल वाचायच्या आधीच बाहेर जयसिंगची जीप सजली होती. हेमलताला पोरींनी उचलून जीपमध्ये बसवलं आणि तिच्या डोक्यावर गुलालाची पोती रिकामी केली. केसांत तेल होतं, गुलाल धरून बसला. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल झाला. नाक कुठं संपतं आणि ओठ कुठं सुरू होतात, कळेना. ती गर्दीत मला शोधत होती. मी जिन्याच्या कठड्याशी उभी होते. त्या लाल मुखवट्यातून तिचे डोळे माझ्यावर येऊन थांबले आणि जीप वळेपर्यंत हलले नाहीत.

गॅदरिंगला तिच्या भांगात अजून गुलालाची लाली होती. तिनं हार घातला. आबासाहेबांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, हल्ली पोरी रंगवून येतात, ही बघा, देवानं दिलं तेवढंच घेऊन आलीय. सगळे हसले. त्यांनी गळ्यातला हार काढून तिच्या हातात ठेवला.

वैशाखात लग्न झालं. जूनमध्ये टी.वाय.चे वर्ग सुरू झाले, तेव्हा पाटणकर सरांनी हजेरी घेताना तिचं नाव काही दिवस तसंच वाचलं म्हणतात. मग त्यांनीही सोडून दिलं. कडी मात्र बसली. कॉलेज सोडताना एल.आर.नं चुलतसासऱ्यांच्या कानावर घातलं होतं.

मी पुण्याला आले, वृत्तपत्रात लागले. पुढची कित्येक वर्षं निवडणुकाच लिहिल्या: ग्रामपंचायती, नगरपालिका, पोटनिवडणुका. मतदार उमेदवारात काय बघतो, यावर मी अग्रलेखाच्या खाली जाडजूड लेख लिहिले आहेत. त्यांतल्या एकातही मी ते सभागृह आणलं नाही.

मग बायकांसाठी जागा राखीव झाल्या, आणि जिल्हा परिषदेच्या आमच्या गटात नाव आलं हेमलताचंच. भिंतीभिंतीवर तिचा फोटो लागला. फोटो तोच होता: तेलकट केस, विटकी साडी, झुकलेली नजर. खाली लिहिलेलं, 'तुमच्या आमच्यातल्या वहिनीसाहेब'. ती निवडून आली. पुन्हा आली. कारखान्याच्या कॅलेंडरवरही तोच फोटो आला, आणि ते कॅलेंडर तालुक्यातल्या प्रत्येक घरात टांगलं जाई. आमच्या स्वयंपाकघरात ते पिठाच्या डब्याच्या वर होतं. दिवाळीला घरी गेले की मी पाटावर बसायची, समोर ती. आई महिन्यांची पानं उलटत असे, वर्षं बदलत, कॅलेंडर नवं येई, फोटो तोच. नजर खाली. जेवताना मला वाटायचं, आता ही नजर वर उचलेल आणि जिन्याकडे बघेल. मी जागा बदलून बसू लागले. आईनं कारण विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला जिल्हा परिषदेची बातमी करायला मला माझ्याच तालुक्यात पाठवलं. बंगल्याच्या दिवाणखान्यात जयसिंग बोलत होता. अंगानं सुटला होता, केस पांढरे झाले होते, माझी ओळख त्याला पटली नाही. पाणी, रस्ते, शाळाखोल्या. उमेदवार कुठायत, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, येतील की, चहा घेऊन येतील.

ती चहा घेऊन आली. केसांना तेल चोपडलेलं. विटलेली सुती साडी, काठाला टाके. बांगड्या नाहीत, कानात काही नाही. दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग पसरले होते, ते झाकायला पावडरीचा हात फिरवलेला नव्हता. माझ्या शेजारी बसलेला एक कार्यकर्ता कुजबुजला, "एवढ्या मोठ्या घरच्या, पण बघा."

"आम्ही सांगून थकलो," जयसिंग म्हणाला. "चांगलं नेसा, चारचौघांत जाताय. ऐकतच नाहीत. आता लोकांनाच ते आवडतं म्हटल्यावर आम्ही तरी काय बोलणार."

सगळे अंगणात फोटोला गेले तेव्हा ती कपबशा गोळा करत मागं राहिली. मी उठले तशी माझ्याजवळ आली. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाला विचारतात तसं तिनं काहीच विचारलं नाही.

"अजून तेच करते, सुभे," ती हळूच म्हणाली. "दर वेळी. दुसरं काही सुचलंच नाही."

बाहेरून तिला हाका येत होत्या.

"या खेपेला तू उभी राहशील?"

लेडीज रूमच्या दाराला पाठ लावून ती बोलली होती, त्याच आवाजात तिनं विचारलं.

"माझं नाव इथल्या मतदारयादीत नाही गं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर होती ना, हे बघून घेणारी तिची जुनी सवय. मग तिनं माझं मनगट धरलं आणि तसंच धरून मला अंगणात घेऊन गेली.

फोटोवाला जयसिंगचाच होता. तो मला म्हणाला, मॅडम, जरा बाजूला व्हा, वहिनीसाहेब एकट्या पाहिजेत. मी सरले. तिनं हात सोडला नाही. मी आणखी सरले, हात ताणला गेला, तरी तिची बोटं सुटली नाहीत. तिनं नजर वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. त्यानं फोटो काढला.

ती निवडून आली.

पुढच्या जानेवारीत घरी गेले तेव्हा पिठाच्या डब्यावर नवं कॅलेंडर होतं. या वर्षी फोटो बदलला होता. गालांवरचे वांगाचे डाग कुणीतरी पुसून काढले होते. गाल लग्नाआधी होते तसे झाले होते. कडेची मी कापली गेले होते. फक्त तिच्या बोटांत धरलेलं मनगट राहिलं होतं, कारण ते कापायला गेलं असतं तर तिचीच बोटं तुटली असती. त्यावरचे वणही पुसले होते.

आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं आणि डोळे बारीक करून कॅलेंडरकडे बघितलं.

"हा हात कुणाचा गं?" ती म्हणाली. "कसा नितळ आहे."